शाकाहारी तळे

देवतळे जतन समिती, बोरमळा, ता. पारनेर
जावक क्रमांक १
१२ जानेवारी २०२५

प्रति,
श्री. जॉर्ज ओहोळ सर, निवृत्त विज्ञान शिक्षक, बोरमळा
(सध्या मुक्काम लेकीकडे, संगमनेर)

महोदय,

आपण माझा फोन उचलत नाही. आमच्या भागूबाईने तिच्या मोबाईलवरून लावला तर 'वहिनी, गुडघा कसा आहे' म्हणून तासभर गप्पा मारता, आणि मी मागून नुसता खोकलो तरी कट करता. आपली एंजल म्हणाली, "काका, बाबा म्हणतात काय असेल ते लेखी द्या." म्हणून समितीचा अध्यक्ष या नात्याने लेखी देत आहे. पत्र दुधाच्या टँकरवरच्या कल्याणजवळ देतो. तो पोस्टाच्या आधी पोहोचतो.

तर कळविण्यास आनंद होतो की आपल्या महादेवाच्या देवळामागचे देवतळे उत्तम स्थितीत आहे. गेल्या श्रावणात ग्रामसभेने ठराव केला होता, तो आपल्या स्मरणात असेलच, कारण विरोधातला एकमेव हात आपला होता. देवाच्या पाण्यात एका जिवाने दुसऱ्याला गिळावे हे बरे दिसत नाही, म्हणून मांस खाणारे सगळे मरळ जाळ्याने काढले आणि शाकाहारी चिलापी मासे ठेवले. मरळांना मारायचे नव्हते, आम्ही माळकरी माणसे. म्हणून ते दुधाच्या कॅनमधून आपल्या शेततळ्यात नेऊन सोडले. आपण खाणारे आहात, सत्कारणी लावाल, असा आमचा शुद्ध हेतू होता. त्यावर आपण आठवड्याच्या आत घराला आणि शेततळ्याच्या कुंपणाला कुलूप लावून संगमनेर का गाठावे, हे कोडे समितीला आजतागायत उलगडलेले नाही.

असो. चिलापींची भरभराट आहे. पाण्याने हिरवा शालू नेसला आहे. गेल्या आठवड्यातल्या सप्ताहाला आलेले कीर्तनकार महाराज तळ्यावर स्नानाला गेले आणि पाणी पाहून बराच वेळ काही बोलले नाहीत, इतके ते भारावले.

एक किरकोळ बाब. आपल्या शेततळ्याच्या फाटकाची किल्ली कुठे असते? सहज विचारले.

कळावे,
अजिनाथ औटी, अध्यक्ष


३ फेब्रुवारी २०२५

जॉर्ज सर,

माझे पत्र परत मिळाले. लाल शाईने.

'१० पैकी ३. हस्ताक्षर बरे. मुद्दा टाळला आहे. हिरवा शालू म्हणजे नेमके काय? महाराज का बोलले नाहीत? सविस्तर लिहा.' आणि खाली सही. साठी उलटलेल्या माणसाला तीन मार्क! त्यातले 'हस्ताक्षर बरे' तेवढे सोडून बाकी सगळे भागूबाईने शेजारी सांगितले. आता शेजारच्या बायडाबाईपासून डेअरीपर्यंत सगळे मला 'तीन मार्क' म्हणतात. आपण चौथीत एका बाकावर बसायचो तेव्हा माझ्या पाटीवरूनच तुम्ही पाढे उतरवायचात, हे मी कुणाला सांगत नाही, एवढे लक्षात ठेवा.

आणि त्या कल्याणने तुमच्याजवळ तोंड उघडलेच, हे मला कळले आहे. म्हणून आता लपवून उपयोग नाही. महाराजांचे पांढरे धोतर तळ्यातून पोपटी होऊन बाहेर आले. ते भारावले नव्हते, नाक दाबून उभे होते. तिथून पुढे कीर्तनात त्यांनी तीन वेळा आपला विषय सोडून स्वच्छतेवर भाष्य केले आणि तिन्ही वेळा माझ्याकडे पाहिले.

म्हशी तळ्यावर जातात, पाण्याला तोंड लावतात आणि फुरफुरून मागे फिरतात. बायडाबाईने काल भर चौकात विचारले, "अध्यक्ष, ह्ये पानी हाय का पालकाची भाजी? माजी म्हस दोन दिस झालं टाक्यावर पानी पितीय. तिला कळतं, तुमाला कळत न्हाई व्हय?" परवा ढगाळ पहाट होती. उजाडल्यावर पाहतो तर चिलापी पोट वर करून तरंगतायत, पायऱ्यांपासून पार समोरच्या बाभळीपर्यंत. शाकाहारी मासे असे सामुदायिक मेलेले पाहून गावाला काय वाटले असेल? वास एवढा की देवळात उदबत्त्यांचा पुडा संपला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असे आमचे झाले आहे. पण यात माझी चूक कुठे आहे ते मला खरेच समजत नाही. गावात गोठे पूर्वीही होते, खते पूर्वीही होती. बदलले ते फक्त मासे. आणि आम्ही वाईट मासे काढून चांगले ठेवले. मग पाणी का नासावे? तुम्ही विज्ञानाचे मास्तर. सांगायचे असेल तर सांगा. नसेल तर पत्र तेवढे कोरे परत पाठवा, मार्क देऊ नका.

अजिनाथ औटी

ता. क. किल्लीचे आपण उत्तर दिले नाही.


२४ फेब्रुवारी २०२५

जॉर्ज,

'सर' लिहायला घेतले होते, पण तूच पत्राची 'अरे गाढवा' अशी सुरुवात केलीस, तेव्हा म्हटले चला, रुसलेल्या बाईसाहेब माहेराहून परतल्या. गाढव म्हटल्यावर मला इतके बरे वाटले की भागूबाईने चहा दोनदा केला.

तुझे म्हणणे मी तीनदा वाचले. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा झोप आली. तिसऱ्यांदा भागूबाईला मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा कुठे डोक्यात शिरले. तू लिहितोस की तळ्यात खत तेवढेच आहे, फक्त ते कुणाच्या पोटात बसले आहे यावर पाण्याचा रंग ठरतो. पूर्वी पाण्यात बारीक पिसवांसारखे जीव होते, ते हिरवा शेवाळ-भुगा दिवसभर चरायचे आणि खत आपल्या अंगात दाबून ठेवायचे. लहान मासे त्या पिसवा खायला टपलेले. पण त्या लहान माशांवर मरळांचा वचक होता, म्हणून पिसवा वाचायच्या. आपण मरळ काढले. मग चिलापी बेफाम वाढल्या, त्यांच्या पिलांनी पिसवांचा फडशा पाडला, मोठ्यांनी घरटी करायला तळाचा गाळ उकरून त्यातले दबलेले खत वर आणले आणि वर आपले मलमूत्र त्यात घातले. खत मोकळे झाले, खाणारा उरला नाही, शेवाळ माजले. ढगाळ दिवशी त्याच शेवाळाने पाण्यातली हवा ओढून घेतली आणि चिलापी गुदमरल्या. 'तू ज्याला शाकाहार म्हणालास तो पिसवांना विचारून म्हणाला होतास का?' हे वाक्य खाली दोन रेघा मारून लिहिलेस. पोचले.

पण माझा असा पटकन विश्वास बसत नाही, तुला माहीत आहे. तूच लिहिलेस की तळ्यातले एक भांडे आणि शेततळ्यातले एक भांडे पाणी उन्हात धरून भिंगाने बघ. तळ्यातले घेतले. शेततळ्याला तुझे कुलूप. म्हणून मी कुंपणावरून पलीकडे जायचे ठरवले. या वयात ठरवायला नको होते. धोतराचा सोगा तारेत अडकला, एक पाय आत, एक बाहेर, हातात दोरीला बांधलेला लोटा, आणि नेमकी बायडाबाई शेळ्या घेऊन तिकडून आली. "अध्यक्ष, मरळ चोराया आलाय व्हय?" मी म्हणालो, "न्हाई, पिसवा बगाया आलोय." ती बिचारी शेळ्या घेऊन भराभरा पुढे गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की तळ्याच्या काळजीने औट्यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

पण जॉर्ज, तुझे शेततळे! आरशासारखे. तळाचा दगड न् दगड दिसतो. आणि तिथे कडेच्या गवतात आपले मरळ उभे होते. गुपचूप, राखणदारासारखे. मी तर समजत होतो तू केव्हाच खाऊन मोकळा झालास.

घरी येऊन दोन्ही भांडी उन्हात ठेवली. तळ्यातले पाणी म्हणजे नुसते हिरवे दूध. शेततळ्यातल्या पाण्यात भागूबाईने भिंग धरले आणि ओरडली, "अवो, मोहरी नाचतीया ह्यात!" खरेच, चिमुकले ठिपके टुणटुण उड्या मारत होते. सगळ्या आळीने येऊन पाहिले. कल्याणने तर मोबाईलवर चित्रण करून टाकले. म्हणजे तूही पाहिले असशील.

तर आता मरळ परत आणायचे. किल्ली पाठव. आणि तूही ये.

अजिनाथ


१७ मार्च २०२५

जॉर्ज,

किल्ली मिळाली, चिठ्ठीही. चिठ्ठीत तीनच ओळी. ठराव ग्रामसभेत मागे घे. दुसऱ्याकडून नाही, स्वतः उभा राहून. आणि मरळ ने, पण मी येणार नाही.

पहिल्या दोन गोष्टी समजल्या. तिसरी समजेना. मी भागूबाईला म्हणालो, ठरावात तळ्यात गळ टाकायलाही बंदी केली म्हणून रुसला असेल. तळ्याच्या दगडावर रविवारी चर्च सुटले की बसायचा, गळ टाकायचा, मी देवळातून आलो की शेजारी टेकायचो, मासा लागला की मी तोंड फिरवायचो आणि तो हसायचा. ती बंदी उठवतो म्हणजे येईल.

भागूबाई भाकरी थापत होती. मला म्हणाली, "तुमी त्यो तळ्यावरचा बोर्ड कदी वाचलाय का?"

म्हटले, मीच लिहून घेतलाय, मी कशाला वाचू?

"मग जाऊन वाचा. त्या दगडावर बसून वाचा."

गेलो. तुझ्या दगडावर बसलो. समोर हातभरावर आपला पत्र्याचा बोर्ड, ऑइलपेंटने ठसठशीत: 'या तळ्यात मांस खाणाऱ्यांना जागा नाही. हुकुमावरून, अध्यक्ष.'

जॉर्ज, देवाशपथ सांगतो, मी माशांबद्दल लिहिले होते. पेंटरला घाई होती, मला बोर्डाचा आकार लहान वाटत होता, 'माशांना' हा शब्द वगळला तर अक्षरे मोठी येतील असे मीच म्हणालो. पण त्या दगडावर बसून वाचल्यावर ते माशांबद्दल आहे असे मलाही वाटले नाही. तू दर रविवारी तिथेच बसायचास. तुझे वडील तिथे बसायचे. आणि मी बोर्ड रोवला तो नेमका दगडासमोर, कारण तिथे जमीन मऊ होती.

तू भांडला असतास तर बरे झाले असते. तू नुसते कुलूप लावलेस.

मला वाईट वाटले, एवढेच लिहितो. जास्त लिहिले तर तू लाल शाईने 'विषयांतर' लिहिशील.

ग्रामसभा परवा झाली. उभा राहिलो. गळ्यात माळ, हातात पिसवांची बाटली. म्हणालो, मरळ परत आणायचे. लगेच भागवत उठला, तोच, ज्याला पुढच्या वेळी अध्यक्ष व्हायचे आहे. "म्हंजी आता माळकरी मानूस मांस खानाऱ्याची बाजू घेनार? उद्या देवळाम्होरं मटनाची हाटेल काडा!" सगळे हसले. मी घाबरलो. पण बाटली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मग बोललो ते असे:

"भागवत, मरळाला आपन मांस खानारा म्हनून हाकललं. चिलापीला शाकाहारी म्हनून मान दिला. चिलापीनं पिसवांचा वंश बुडवला, तळं नासवलं. मरळ तिकडं जॉर्जच्या शेततळ्यात हाय, तितलं पानी म्हस पिती. देवानं ज्याला जसं पोट दिलं तसं त्यो खातो. कोन काय खातो ते बगून तळ्यातली जागा ठरवायला आपन कोन? मी ठरवली. माजं चुकलं. ह्या तळ्यात मांस खानाऱ्याला जागा हाय. पान्यातबी आन् काठावरबी."

शेवटच्या वाक्यावर काहींनी तुझ्या घराकडे पाहिले. मग बायडाबाईने हात वर केला. "माज्या म्हशीचं मत बी धरा," म्हणाली. ठराव मागे घेतला गेला. भागवतनेही हात वर केला, पण जरा उशिरा.

बोर्ड मी स्वतः उपटला.

अजिनाथ


२१ एप्रिल २०२५

जॉर्ज,

मरळ आले! ओल्या गोणपाटाने तोंड बांधलेल्या दुधाच्या कॅनमधून, टँकरवाल्या कल्याणच्या देखरेखीखाली. तू सांगितलेस तसे कॅन काठोकाठ भरले नाहीत, वर हवा ठेवली, कारण हा मासा वर येऊन श्वास घेतो. तोच दगा झाला. देवळासमोर एकाने गोणपाटाला ढुशी देऊन बाहेर उडी मारली आणि रस्त्यावरून सापासारखा सळसळत निघाला, थेट भागवतच्या दाराकडे. भागवत ओट्यावर चढला. कल्याण 'धरा धरा' करत नाचत होता. माळकऱ्यांचे गाव, धरणार कोण? शेवटी मीच पकडला. दोन्ही हातांनी, छातीशी. आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात घेतला. त्याच्या पोटात धडधड होत होती, की माझ्या, कोण जाणे. पंचा, धोतर, माळ, सगळ्याला वास लागला. भागूबाईने मला अंगणातच बादलीने अंघोळ घातली.

तू आधीच बजावले होतेस की मरळ म्हणजे तुरटी नव्हे, चिलापीही उपसा. त्यासाठी धरणावरची जाळेवाली माणसे बोलावली. त्यांनी चिलापींचे ढीग काढून नेले. आम्ही पाठ करून उभे होतो आणि मोजतही होतो.

आणि आता तो प्रश्न, जो तू पत्राच्या शेवटी विचारलास: 'तळ्याला रोज जेवायला कोण वाढतं? उत्तर तुझ्या गोठ्यामागे आहे.' मी गोठ्यामागे गेलो. मोरी. आमच्या सगळ्या गाई-म्हशींचे मूत-शेण धुऊन निघते ते त्या मोरीतून उतरत उतरत थेट तळ्यात. मीच समितीचा अध्यक्ष, आणि सगळ्यात मोठे ताट माझ्याच घरचे. हे गावात अजून कुणाला कळलेले नाही. कल्याणला सांगू नकोस. मी मोरी वळवली, खड्डा खणला, त्यात पालापाचोळा टाकला, कडेला केळी लावल्या. उपटलेला बोर्ड त्या खड्ड्यावर झाकण म्हणून घातला, अक्षरे खाली करून.

आता तुझी अट. 'काही वर्षांपूर्वी मरळाने गळ ओढताना माझा चष्मा तळ्यात पडला, पायऱ्यांच्या पायथ्याशी. स्वच्छ पाण्यात तो दिसायचा, तुला आठवतं. तो दिसला की कळव, येतो.'

कळवण्यास आनंद होतो की चष्मा दिसला. चकाकत होता. तेव्हा ये.

अजिनाथ


५ मे २०२५

जॉर्ज,

ठीक आहे. तुझ्या चष्म्याची दांडी काळी होती. तो पायथ्याशी पडला होता, दुसऱ्या पायरीवर नव्हे. आणि पारनेरच्या बाजारातून आणून मीच पाण्यात टाकलेल्या सोनेरी चष्म्याला प्लास्टिकची चिठ्ठी लटकत होती, ती काढायची राहिली. कल्याणने फोटो पाठवला म्हणजे आता टँकरवालाच माझा काळ ठरणार.

लाल शाईत 'नक्कल. शून्य.' लिहिलेस. भागूबाईला तेही वाचून दाखवावे लागले, कारण ती हटूनच बसली. इतकी हसली की तिचा गुडघा दुखायचा थांबला.

मी लबाडी केली ती एकाच कारणाने केली. उन्हाळा वाढतोय, पाणी अजून गढूळ हिरवे आहे, भागवत रोज विचारतो, "काय अध्यक्ष, मांसाहारी लागले का कामाला?" मला वाटू लागले की पाणी साफ होणारच नाही आणि तू येणारच नाहीस. रविवारी तुझ्या दगडावर सावली पडते तेवढीच. मला करमत नाही, जॉर्ज. लिहून टाकले. आता काय मार्क द्यायचे ते दे.

अजिनाथ


१३ नोव्हेंबर २०२५

जॉर्ज्या,

मधे तू पत्रोत्तर देत राहिलास आणि मी फक्त 'अजून नाही' एवढेच कळवत राहिलो. खोटे लिहायचे नाही असे ठरवले होते, आणि तुझे 'धीर धर, १० पैकी ५' वाचून धीर धरला. पावसाळ्यात वरच्या शेतांतून खत वाहून आले तेव्हा पाणी पुन्हा हिरवे झाले आणि मी दोन दिवस जेवलो नाही. मग वरच्या शेतकऱ्यांना घेऊन बांधाकडेला गवताचा पट्टा धरला. त्यात भागवतनेही मदत केली. तो म्हणतो की ही त्याची कल्पना आहे. असू दे.

आज सकाळी तळ्यावर गेलो. पहिली पायरी दिसली, दुसरी दिसली, तिसरी. मी खाली बसलो. चौथी. मग पायथा. त्यावर गाळाचा पातळ थर, आणि त्यात माझा सोनेरी चष्मा. चिठ्ठीसकट. पाण्याने वाहून तिथपर्यंत गेला असावा. तुझा काळा चष्मा काही दिसला नाही. गाळाखाली गेला असेल, किंवा मरळाने लावला असेल. खोटे सांगणार नाही, तुझी अट अर्धीच पुरी झाली.

पण दुसरे सांगतो. पायथ्याशी लाल-केशरी ठिपक्यांचा एक पुंजका फिरत होता, मूठभर. मला वाटले शेवाळाचाच काही नवा प्रकार. मग पाहिले तर मरळाची पिले! आणि त्यांच्या शेजारी दोन मोठे मरळ, एक या बाजूला, एक त्या बाजूला, कुणी जवळ आले की तोंड वासून धावून जाणारे. बायडाबाईने म्हैस पाण्याला आणली होती. म्हैस वाकून पीत राहिली, घटघट, आणि बायडाबाई म्हणाली, "आपल्या लेकरांला जपत्यात बगा. मांस खात्यात म्हून काय झालं?" मी म्हटले, "मी तर तेच म्हणत होतो." ती म्हणाली, "तुमी लई उशिरानं म्हनलात." पोचले, म्हणालो.

तर गेल्या ग्रामसभेत ठराव असा झाला. पाण्यात चिलापी पुन्हा माजू नयेत म्हणून रविवारी गळ टाकायला एका माणसाला परवानगी. फक्त चिलापी धरायच्या, मरळाला हात लावायचा नाही. माणसाचे नाव ठरावात लिहिले नाही. गावाला माहीत आहे.

दगड धुऊन ठेवला आहे. समोर काही नाही, नुसते पाणी. येत्या रविवारी चर्च सुटल्यावर मी तिथे असेन, तुझ्या जागेवर नाही, शेजारी. मासा लागला की तोंड फिरवीन, तू हस.

आणि ऐक. गोठ्यामागच्या खड्ड्यात गांडुळे मावेनाशी झाली आहेत. तुझ्या गळासाठी भागूबाईने एक डबा भरून ठेवला आहे. डबा तळ्यापर्यंत मी आणीन, माळ गळ्यात ठेवून आणीन. झाकण मात्र तू उघड.

तुझा,
अजिनाथ